चार बोटांचा फरक

डेव्हने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि पडद्यावरच्या निळ्या रेषेवर पेन टेकवलं.

"हे बघ, नीता. रेषा इथे खाली आली. बरोबर इथे. खांद्याने जे आम्हाला सांगितलं नाही, ते डेटाने सांगितलं."

रेषा खरंच खाली आली होती. आधीच्या सगळ्या मॅचमध्ये ती जवळजवळ सपाट होती. मग पायरी उतरावी तशी एकदम खाली, आणि पुढे पुन्हा सपाट.

डेव्ह कुवेतच्या बेसबॉल क्लबचा जनरल मॅनेजर. अमेरिकन, बोलायला मोकळा, पण आकड्यांच्या बाबतीत कर्मठ. आखाती देशांत व्यावसायिक बेसबॉलची लीग नव्याने सुरू झाली, तेव्हा इथला संघ बांधायला त्याला आणलं होतं. मी इथल्या एका इंग्रजी दैनिकात स्पोर्ट्स डेस्कवर. एकोणीस वर्षं फुटबॉल आणि क्रिकेट लिहिलं. लीग आली तेव्हा ऑफिसात कोणालाच बेसबॉल कळेना. मी जळगावला कॉलेजात असताना सॉफ्टबॉल खेळले होते, तेही कॅचर, म्हणजे विकेटकीपरसारखी बॅट्समनच्या मागे बसणारी म्हणून. ते कळल्यावर अख्खा बेसबॉल माझ्या गळ्यात पडला.

निळी रेषा जुनैदची होती. जुनैद हा संघाच्या तीन मुख्य पिचरांपैकी एक. पिचर म्हणजे आपला बोलरच, फक्त तो धावत येत नाही आणि चेंडू टप्पा न घेता थेट बॅट्समनकडे जातो. चेंडू हातातून सुटतो ती जागा जमिनीपासून किती उंच, याला रिलीज पॉइंट म्हणतात. चांगल्या पिचरचा रिलीज पॉइंट वर्षभर जवळजवळ हलत नाही. तो खाली आला तर साधारणपणे एकच अर्थ काढतात. खांदा थकलाय, किंवा आतून काहीतरी दुखावलंय आणि माणूस नकळत हात वाचवतोय.

मैदानात बॅट्समनच्या मागे एका उंच खांबावर रडारची पेटी बसवलेली असते. प्रत्येक चेंडूचा वेग, वळण, रिलीज पॉइंट सगळं ती मोजते. ते आकडे क्लबच्या अमेरिकेत बसलेल्या अ‍ॅनालिस्टकडे जातात. जुनैदचा रिलीज पॉइंट घरच्या मैदानावरच्या शेवटच्या दोन मॅचमध्ये चार बोटं खाली आला होता. त्या दोन्ही मॅचमध्ये त्याच्या चेंडूंना मारही पडला होता.

"गुरुवारी आम्ही त्याला रिलीज करतोय," डेव्ह म्हणाला. म्हणजे करार संपवून घरी पाठवणार. "दुसरा पिचर येतोय. पण ही गोष्ट चांगली आहे. डेटाने दुखापत वेळेत पकडली. वाचकांना आवडेल. फक्त तुम्हालाच देतोय."

मी खूश झाले. खोटं कशाला सांगू? शुक्रवारच्या अंकाचं पूर्ण पान मिळणार होतं. ऑफिसात येऊन मी आमचे स्पोर्ट्स एडिटर कुरियन सर यांना सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे हेडिंग काढलं. 'डॉक्टरांच्या आधी डेटाला कळलं.'

ही रविवारची गोष्ट. आमचा आठवडा रविवारी सुरू होतो.

सोमवारी मी जुनैदला भेटायला गेले. तो मूळ पेशावरकडचा, एकतीस वर्षांचा, उंच, लाजाळू. क्लबने खेळाडूंना खैतानला फ्लॅट दिले होते. खाली चहाचं दुकान होतं. आम्ही बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. इथल्या कडक, गोड करक चहाचे दोन कागदी कप आले. त्याने डाव्या हाताने कप उचलला. उजवा हात मांडीवर तसाच ठेवला होता, जणू दुसऱ्या कोणाचा सांभाळायला दिलेला.

"दर्द कब से है?" मी विचारलं.

त्याने आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाला, "मॅडम, सच बोलूँ? पहले नहीं था. जिस दिन साहब ने ग्राफ दिखाया, उस रात से शुरू हुआ."

मी वहीत लिहिता लिहिता थांबले.

"स्कॅन?"

"स्कॅन में कुछ नहीं आया. डॉक्टर बोला, कभी-कभी नहीं दिखता." त्याने कपात पाहिलं. "अब मशीन झूठ थोड़ी बोलेगा. घर पे अभी नहीं बताया. अब्बा ने पूरे मोहल्ले को बोल रखा है कि लड़का बाहर खेलता है."

परत येताना मला ती रेषा सारखी आठवत होती. मी डॉक्टर नाही. पण कॉलेजात आमच्या दोन पिचर मुलींचे खांदे गेलेले मी जवळून पाहिलेत. खांदा जातो तेव्हा हळूहळू जातो. आज थोडा वेग कमी, पुढच्या आठवड्यात आणखी थोडा. मधे एखादा बरा दिवस. ही रेषा मात्र जिना उतरल्यासारखी एका पायरीत उतरली होती आणि तिथेच थांबली होती. माणसाचं दुखणं इतकं शिस्तीत राहत नाही.

संध्याकाळी मी जुनैदच्या जुन्या आणि नव्या मॅचचे व्हिडिओ शेजारी शेजारी लावले. कॅचर असताना मी हजारो वेळा पिचरच्या हाताकडे टक लावून पाहिलंय. मला फरक दिसेना. मी डेव्हला फोन केला.

"मला हात खाली आलेला दिसत नाही, डेव्ह."

तो हसला. "म्हणून तर रडार लावलंय. डोळ्यांना वाटेल ते दिसतं."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चार बोटांचा फरक साठ फुटांवरून, व्हिडिओत, कोणाला दिसणार? आकड्याला उत्तर द्यायचं तर आकडाच हवा होता.

तो माझ्याकडे होता, फक्त मी उघडून पाहिला नव्हता. लीग पत्रकारांना रोज एक एक्सेल शीट पाठवते. त्यात सगळ्या मैदानांवरचा, सगळ्या संघांचा, एकूण एक चेंडू असतो. आम्ही त्यातून सगळ्यात वेगवान चेंडू काढतो, बातमीत टाकतो आणि शीट बंद करतो.

मंगळवारी सकाळी रिग्गईला घरीच जेवणाच्या टेबलावर बसले. जुनैदला बाजूला ठेवलं. अलीकडे इथे खेळायला आलेल्या पाहुण्या संघांचे पिचर घेतले. त्यांचा त्यांच्या घरच्या मैदानावरचा रिलीज पॉइंट एका कॉलममध्ये, कुवेतमधला दुसऱ्या कॉलममध्ये. तिसऱ्यात वजाबाकी.

पहिला पिचर, चार बोटं कमी. दुसरा, चार बोटं. तिसरा डावखुरा, एकदम बुटका, त्याची हात फिरवायची पद्धतच वेगळी. तोही चार बोटं. मी उठून पाणी प्यायले आणि पुन्हा बसले. अकरा पिचर झाले. दोन वेगवेगळ्या संघांचे, वेगवेगळ्या देशांतून आलेले. अकराही जण कुवेतच्या मैदानावर पाऊल ठेवलं की चार बोटं खाली येत होते.

अकरा माणसांचे खांदे एकाच मैदानावर, एकाच मापाने दुखत नाहीत.

आणि हे सगळं सुरू कधी झालं? महिन्यापूर्वी इथे दोन दिवस जोरदार वाऱ्याचं धुळीचं वादळ झालं होतं. त्याआधी आलेल्या पाहुण्या पिचरांचे आकडे अगदी बरोबर होते. वादळानंतर आलेल्यांचे बिघडलेले. अ‍ॅनालिस्टला हे का दिसलं नाही, तेही कळलं. त्याच्याकडे फक्त आपल्या क्लबच्या खेळाडूंचे रिपोर्ट जात होते. वादळानंतर घरच्या मैदानावर भरपूर चेंडू टाकणारा आपला पिचर एकटा जुनैदच. बाकीच्या दोघा मुख्य पिचरांची पाळी बाहेरगावच्या मॅचला आली होती. उरलेल्यांनी इथे इतके थोडे चेंडू टाकले होते, की सॉफ्टवेअरने त्यांना मोजणीतच धरलं नव्हतं.

मी कुरियन सरांकडे गेले.

"सर, शुक्रवारची स्टोरी मी देऊ शकत नाही."

त्यांनी चष्मा काढला. "नीता, पान लागलंय. फोटो आलेत."

"स्टोरी चुकीची आहे."

"क्लबचा मॅनेजर ऑन रेकॉर्ड बोललाय. आपण त्याचं म्हणणं छापतोय. चुकीचं असेल तर त्याचं."

"आपण छापल्यावर त्या मुलाला दुसरा कोणताही क्लब घेणार नाही. खांदा गेलेला पिचर म्हणून नाव होईल. नेटवर कायमचं."

मी शीट दाखवली. कुरियन सर कोट्टयमचे, क्रिकेटशिवाय त्यांना काही कळत नाही असं ते स्वतःच सांगतात. पण तिसरा कॉलम त्यांनी वरून खालपर्यंत बोट फिरवत वाचला.

"पेटी बिघडली आहे असं तुला वाटतं."

"हललीय असं वाटतं."

"वाटतं हे मी छापू शकत नाही," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत सिद्ध कर. नाहीतर पान तसंच जाईल, फक्त तुझं नाव काढून."

सिद्ध करायचं म्हणजे ती पेटी मोजायची. पत्रकाराच्या पर्समध्ये त्याचं हत्यार नसतं. पण कोणाकडे असतं ते मला ठाऊक होतं.

सदानंद परब एका कन्स्ट्रक्शन कंपनीत सर्व्हेअर आहे. सर्व्हेअर म्हणजे जमीन, खांब, पाया यांची मापं घेणारा माणूस. कुडाळकडचा, बायको-मुलं गावाला, इथे खैतानला पाच जणांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहतो. इथल्या मराठी मंडळाच्या क्रीडादिनाला धावण्याच्या रेघा तोच आखतो. मागच्या वर्षी रिले संपल्यावर एक बाई म्हणाल्या, बाहेरची रेघ मला लांब पडली. सदानंदने त्यांना टेप धरायला लावून सगळ्या रेघा पुन्हा मोजून दाखवल्या होत्या.

फोनवर त्याने सगळं ऐकून घेतलं. एकच प्रश्न विचारला. "ताई, पेटी बसवली तेव्हाचा कागद आहे का? किती अंशावर बसवली, तो?"

"मागते."

"तो नसेल तर मी येऊन काय उपयोग? वाकडं म्हणायला आधी सरळ काय ते ठाऊक हवं."

डेव्हला तयार करणं सगळ्यात अवघड गेलं. बुधवारी सकाळी मी त्याच्या ऑफिसात त्या अकरा ओळींचा प्रिंटआउट ठेवला. त्याने तो वाचला. मान हलवली.

"सिस्टिम स्वतःला कॅलिब्रेट करते." म्हणजे चूक झाली तर आपली आपण दुरुस्त होते.

"शेवटचं कधी केलं?"

त्याने अमेरिकेत फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटली होती. अ‍ॅनालिस्टने झोपेतून उठून लॉग उघडला. स्पीकरवरून त्याचा आवाज आला. कॅलिब्रेशन एकदाच झालं होतं, पेटी बसवली त्या दिवशी. पुढचं सीझन संपल्यावर करायचं ठरलं होतं.

डेव्हने फोन बंद केला. मग म्हणाला, "दोन तास देतो. माझ्यासमोर मोजायचं."

फाइलमधून इन्स्टॉलेशनचा कागद निघाला. दुपारी सदानंद साइटवरूनच आला. अंगात कंपनीचं पिवळं जॅकेट, एका खांद्यावर तिपाई, दुसऱ्या हातात यंत्राची पेटी. यंत्र कंपनीचं होतं. त्याच्या साहेबाने दोन तासांसाठी सोडलं, बदल्यात मॅचची दोन तिकिटं मागितली होती.

मी सदानंदला एक गोष्ट मुद्दाम सांगितली नव्हती. फरक किती आहे ते. फक्त म्हणाले होते, पेटी हलल्यासारखी वाटते, बघ.

त्याने आधी काही मोजलंच नाही. मैदानात उभा राहून, डोळ्यांवर हात धरून नुसतं वर पाहत राहिला. खांबावर पेटीच्या खाली स्पॉन्सरचा मोठा कापडी बॅनर बांधलेला होता. त्याच्या दोऱ्या थेट पेटीच्या ब्रॅकेटला.

"हा बॅनर पहिल्यापासून आहे?" त्याने विचारलं.

डेव्हने मीडियावाल्या मुलीला बोलावलं. बॅनर नंतर लावला होता. वादळाच्या आठवडाभर आधी.

सदानंद माझ्याकडे वळला. एरवी माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलणारा माणूस सरळ मालवणीवर आला. "ताई, ह्यां शीड झालां! होडयेचां शीड. वारो भरलो काय ओढतलाच."

खांब चढायची शिडी मागच्या बाजूला होती. तो वर गेला. पेटीच्या पाठीला डिजिटल लेव्हल लावली. हे पट्टीसारखं यंत्र असतं, वस्तू किती कललीय ते अंशांत दाखवतं. एकदा लावली, काढली, उलटी करून लावली, पुन्हा काढली. तीन वेळा वाचन घेतलं. मग वरून ओरडला, "खांब सरळ आसा! पेटी वाकडी आसा! आकाशाक बघता!"

डेव्हने माझ्याकडे पाहिलं.

"पेटी थोडी वर बघतेय म्हणतो," मी सांगितलं.

"किती?"

सदानंद खाली आला. कागदावरचा अंश आणि आपलं वाचन शेजारी शेजारी लिहिलं. फरक एका अंशाचाही नव्हता, त्याचा लहानसा तुकडा होता. डेव्हच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. "एवढ्याने काय होणार?"

सदानंदने तिपाई लावली. पेटीपासून पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर मोजलं. मग जॅकेटच्या खिशातून कॅल्क्युलेटर काढून जमिनीवर उकिडवा बसला. आम्ही दोघं त्याच्या डोक्यावर उभे. ऊन मागून भाजत होतं. हा आता काय आकडा सांगतो, यावर सगळं होतं. दोन बोटं म्हणाला असता तर मी हरले असते. दहा म्हणाला असता तरी हरलेच असते.

"पेटी वर बघते म्हणून तिकडची वस्तू तिला खाली दिसणार," तो हिंदीत डेव्हला समजावत होता आणि मी इंग्रजी करत होते. "इथे जवळ फरक थोडा. लांब गेलं की वाढतो. तिथे, पिचरच्या हाताशी..." त्याने कॅल्क्युलेटर पाहिला, पुन्हा एकदा आकडे घातले, आणि उजव्या हाताचा अंगठा दुमडून उरलेली बोटं आडवी धरली. "इतना."

चार बोटं.

डेव्हने खिशातून माझा तो प्रिंटआउट काढला. तिसऱ्या कॉलमकडे पाहिलं. सदानंदच्या हाताकडे पाहिलं. मग टोपी काढली आणि कपाळ पुसलं.

"याला तू आकडा सांगितला होतास?"

"नाही."

"विचार त्याला."

मी विचारलं. सदानंद गोंधळला. "कसला आकडा, ताई?"

मला तिथेच मैदानात नाचावंसं वाटत होतं. पन्नाशी पार केलेल्या बाईला ते शोभत नाही म्हणून मी फक्त सदानंदची पाठ थोपटली. हात पांढऱ्या धुळीने भरला.

पुढचं भराभर झालं. बॅनर उतरवला. ब्रॅकेट सरळ करून बोल्ट आवळले. पेटी मूळ अंशावर आली की नाही ते सदानंदनेच पाहिलं. डेव्हने जुनैदला बोलावून घेतलं. काय चाललंय ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो बिचारा सामानाची बॅग घेऊनच आला, त्याला वाटलं आजच निघायचं.

"बॉलिंग करो," डेव्हने आपल्याला येणारे दोन हिंदी शब्द जोडले.

जुनैदने आधी हळू टाकले. मी डेव्हच्या शेजारी लॅपटॉपसमोर बसले होते. पहिला चेंडू. आकडा आला. डेव्हने जुन्या आकड्यांशी ताडून पाहिला. दुसरा. पाचवा. दहावा. निळी रेषा पायरी चढून आपल्या जुन्या जागी जाऊन बसली. चेंडू तोच, हात तोच. अमेरिकेतला अ‍ॅनालिस्ट स्पीकरवर होता. तो एवढंच म्हणाला, "आय अ‍ॅम सॉरी." चांगला मुलगा असावा. दुसऱ्याच वाक्यात त्याने माझ्याकडे ती अकरा जणांची शीट मागितली.

डेव्ह स्वतः मातीच्या उंचवट्यापर्यंत चालत गेला. जुनैदच्या खांद्यावर हात ठेवून त्याने सगळं सांगितलं. मी हिंदी करायला बरोबर होतेच. मशीन चुकलं. त्या दोन मॅच नुसत्या वाईट गेल्या. तू ठीक आहेस. करार चालू आहे.

जुनैदने ऐकलं. बराच वेळ चेंडू हातात फिरवत राहिला. मग हळूच मला विचारलं, "मॅडम, फिर ये जो दर्द हो रहा था?"

"उसका डेटा मेरे पास नहीं है, बेटा."

तो हसला. मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहत होते. मग त्याने सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं आणि पूर्ण ताकदीने एक चेंडू टाकला. कॅचरच्या ग्लव्हमध्ये असा आवाज झाला की सदानंद दचकून दोन पावलं मागे सरला.

शुक्रवारचं पान गेलं. फोटो तोच, हेडिंग कुरियन सरांनी नवीन काढलं. 'खांदा ठीक, खांबावर घोटाळा.' इंग्रजीत ते इतकं जमत नाही, पण त्यांनी जमवलं. मला वाटलं होतं डेव्ह चिडेल. त्याने उलट सगळं छापायला परवानगी दिली, स्वतःच्या नावासकट. म्हणाला, "चूक माझी होती हे माझ्याकडून आलेलं बरं." माणसाची मोठी परीक्षा अशा वेळी होते, आणि तो पहिल्या नंबराने पास झाला.

शनिवारी जुनैद घरच्या मैदानावर उतरला. बेसबॉलच्या मॅचमध्ये नऊ छोटे डाव असतात, त्यातले सात त्याने समोरच्या संघाला एकही रन करू दिली नाही. स्टँडमध्ये सदानंद आणि त्याचे पाचही रूममेट बसले होते. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण ओरडायला कळावं लागतं असं थोडंच आहे. सहाव्या डावात जुनैदने बॅट्समनला काढलं, तेव्हा त्यांच्यातला एकजण उभा राहून "आउट हाय, आउट!" म्हणून अंपायरवर खेकसला. अंपायरने आधीच आउट दिलेला होता. मॅच आम्ही जिंकलो. पत्रकाराने 'आम्ही' म्हणू नये, पण त्या दिवशी म्हटलं.

दोन आठवड्यांनी लीगने सगळ्या मैदानांना पत्र पाठवलं. रडारच्या खांबाला दुसरं काहीही बांधायचं नाही. जोराचा वारा झाला की कॅलिब्रेशन पुन्हा करायचं. आणखी एका शहरात तपासणी झाली तेव्हा तिथलीही पेटी हललेली निघाली. तिथल्या दोन पिचरांना 'खांदा सांभाळा' म्हणून बाकावर बसवलेलं होतं. ते दोघंही परत खेळायला लागले.

त्यानंतर मी बेसबॉलच्या डेटावर बरंच लिहिलं. मला तो आवडतो. जुनैदला आधी दोषी ठरवलं ते आकड्यांनीच, आणि सोडवलं तेही आकड्यांनीच, हे मी विसरत नाही. पण आता कोणी ग्राफ दाखवला की मी दोन प्रश्न विचारते. हेच दुसऱ्यांच्या बाबतीत काय दिसतं? आणि मोजणारी वस्तू शेवटची कोणी तपासली? पहिल्याचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण उलट विचारतात, "कोणती वस्तू?" तेव्हा मी पेनचं टोपण लावते आणि स्टोरी एक दिवस पुढे ढकलते.